दोन तुकड्यांचा वायरलेस कीबोर्ड आणि इनस्क्रिप्ट: रोजच्या कामातल्या नोंदी

९ जानेवारी २०२४

काम भाषांतराचं. दिवसाचा बहुतेक वेळ मराठी इनस्क्रिप्टमध्ये (संगणकावरची भारतीय लिपींची प्रमाण कळरचना) जातो, उरलेला इंग्रजी पत्रव्यवहारात. संध्याकाळ झाली की उजव्या मनगटाची करंगळीकडची बाजू भरून येते. डॉक्टरांनी तपासून दोन गोष्टी सांगितल्या: मधूनमधून हात थांबवायचे, आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळवून टंकायचं नाही. पहिली गोष्ट माझ्या हातात आहे. दुसरी सरळ कीबोर्डवर पाळायला फार कठीण, कारण खांदे रुंद आणि कीबोर्ड अरुंद. हात आत येतात आणि मनगटं बाहेर वळतात.

इनस्क्रिप्टमध्ये त्यात आणखी भर पडते. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला (म, न, व, ण तेवढे डावीकडे). उजवी करंगळी ज, च, य सांभाळून शिवाय ड आणि ट यांसाठी आणखी बाहेर जाते. इंग्रजीत त्या जागी कंस आणि अवतरणचिन्ह असतं, म्हणजे कधीतरी लागणारी कळ. आपल्याकडे ट आणि ड दर वाक्यात.

निवडलेला कीबोर्ड दोन तुकड्यांचा, ४२ कळांचा, ब्लूटूथवर चालणारा. कळांच्या ओळी आडव्या सरकवलेल्या नाहीत. प्रत्येक बोटाचा उभा स्तंभ बोटाच्या लांबीनुसार वरखाली आहे. आत झेडएमके हे खुलं फर्मवेअर (कीबोर्डच्या आतली आज्ञावली) चालतं, म्हणजे प्रत्येक कळेने काय करायचं ते स्वतः ठरवता येतं. खरेदी करताना मी हीच एक अट धरली होती, आणि मराठीत टंकणाऱ्या कोणालाही हीच अट आधी बघायला सांगेन. आकार, रंग, कळांचा आवाज हे सगळं नंतर.

हे दुखण्यावरचं औषध नाही. दुखत असेल तर आधी डॉक्टर.

११ जानेवारी

जोडणी. प्रत्येक तुकड्यात ३.७ व्होल्टची, ११० मिलीअँपिअर-तास क्षमतेची छोटी लिथियम पॉलिमर बॅटरी. बॅटरीची जोडपिन सॉकेटमध्ये नीट बसली म्हणजे धन-ऋण बरोबर आहे असं धरू नये. ही जोडपिन सगळे उत्पादक एकाच क्रमाने लावत नाहीत, आणि उलटी लागली तर आतला बोर्ड जळू शकतो. मीटर लावून बघितलं: एका बॅटरीचा क्रम उलटा निघाला. पिनेच्या आतली पाती सुईने अलगद उचलून दोन्ही तारांची अदलाबदल केली, एका वेळी एकच तार बाहेर काढून, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना लागत नाहीत. एवढ्या कामात अख्खी दुपार गेली.

आणखी एक समजलं. संगणकाशी फक्त डावा तुकडा बोलतो. उजवा तुकडा आपल्या कळा डाव्याला कळवतो आणि डावा पुढे पाठवतो. कळांचा नकाशाही डाव्यातच राहतो, त्यामुळे नकाशा बदलला की फर्मवेअर फक्त डाव्या तुकड्यात भरलं तरी चालतं. हे आधी माहीत नव्हतं तेव्हा दर बदलाला दोन्ही तुकडे केबलला लावून भरत बसले.

१५ जानेवारी

पहिला खरा अडथळा: ड नाही.

४२ कळांमध्ये आकड्यांची ओळ नसते आणि उजवीकडचे बाहेरचे स्तंभही कापलेले असतात. मूळ नकाशात ट शिल्लक राहतो, पण ड आणि ढ गायब. ॉ आणि ऑ गायब. ृ गायब. ॅ आकड्यांच्या ओळीत शिफ्ट धरून येतो, तोही गायब. ‘बॅटरी’, ‘डॉक्टर’, ‘कृपया’ हे शब्द सरळ टंकताच येत नाहीत. ज्यांना फक्त इंग्रजी टंकायचं त्यांच्यासाठी हा नकाशा पुरेसा आहे, म्हणून कीबोर्डच्या वर्णनात याबद्दल अक्षरही सापडणार नाही.

उपाय शोधताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागली. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं ड करायचं की चौकोनी कंस, ते संगणक ठरवतो. म्हणून फर्मवेअरमध्ये ‘ड’ असं काही लिहायचं नसतं, ‘चौकोनी कंसाची कळ’ असं लिहायचं असतं. मी एक कागद घेऊन डावीकडे मराठी अक्षर आणि उजवीकडे त्याची इंग्रजी कळ अशी यादी केली आणि भिंतीवर चिकटवली. पुढचं सगळं काम त्या कागदावर चाललं.

बॅकस्पेस अंगठ्याकडे नेला. त्यामुळे उजवा वरचा कोपरा मोकळा झाला, तिथे ड. त्याखाली ट होताच. करंगळीला अजूनही बाहेर जावं लागतं, पण इथे कळ एकच स्तंभ दूर आहे आणि मनगट वळवावं लागत नाही.

१७ जानेवारी

उरलेल्या मात्रांसाठी कॉम्बो. दोन शेजारच्या कळा एकदम दाबल्या की तिसरीच कळ पाठवली जाते. कॉम्बोचा नेहमीचा धोका असा की घाईत टंकताना त्या दोन कळा ओघानेच जवळजवळ एकत्र दाबल्या जातात आणि नको ते उमटतं. मराठीत यावर एक नामी सोय आहे: मात्रेला लागून दुसरी मात्रा येत नाही. म्हणजे डावीकडच्या दोन मात्रांच्या जोड्या कॉम्बोसाठी मोकळ्याच असतात.

ा आणि ी मिळून ॉ केला. एक दिवस छान चाललं आणि मग एका वाक्यात ‘आई’च्या जागी ‘ऑ’ उमटला. कारण शिफ्ट धरल्यावर त्याच दोन कळा आ आणि ई होतात, आणि आ-ई ही जोडी मराठीत भरपूर आहे. मात्रांचा नियम स्वरांना लागू नाही. म्हणून जोड्या निवडताना शिफ्टसकट तपासायला हव्यात. आता ै आणि ा मिळून ॉ. शिफ्ट धरली तर ऑ. ौ आणि ै मिळून ृ. शिफ्ट धरली तर ऋ. ो आणि े मिळून ॅ. ऐ-आ किंवा औ-ऐ हे स्वर एकमेकांना लागून येणारा शब्द मला आठवत नाही, आणि आजवर कामात आलेला नाही.

हे तिन्ही कॉम्बो फक्त मराठीच्या लेअरला (कळांच्या वेगळ्या नकाशाला) बांधले. इंग्रजीत त्याच जागा डब्ल्यू-ई, क्यू-डब्ल्यू आणि ए-एस आहेत. बांधले नसते तर इंग्रजी लेखन अशक्य झालं असतं.

२४ जानेवारी

वेग निम्म्याहून खाली. सगळ्यात जास्त त्रास स्तंभांचा: व आणि ब या कळांकडे जाताना बोट जुन्या सवयीने तिरकं सरकतं आणि शेजारच्या कळेवर पडतं. जुन्या कीबोर्डांवर ओळी तिरक्या सरकलेल्या असतात, त्याचं मूळ टंकलेखन यंत्रात आहे. प्रत्येक कळेखालचा दांडा दुसऱ्याला अडू नये म्हणून ती रचना होती. दांडे गेले, तिरकेपणा राहिला, आणि बोटांना तोच ओळखीचा झाला.

मुदतीचं काम जुन्या कीबोर्डवर, पत्रव्यवहार आणि टिपणं नव्यावर, अशी वाटणी केली. दोन्ही आलटूनपालटून वापरल्याने शिकणं लांबतं असं पुष्कळ जण सांगतात. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. उलट मुदत डोक्यावर असताना नव्या कीबोर्डशी झगडलं की खांदे आवळले जात होते, आणि तेच तर टाळायचं होतं.

३ फेब्रुवारी

मधल्या ओळीवर मॉडिफायर. ही पद्धत अशी: मधल्या ओळीतली कळ चटकन दाबली तर अक्षर, धरून ठेवली तर कंट्रोल, शिफ्ट वगैरे. करंगळ्यांना आराम मिळतो, म्हणून लोक भरभरून शिफारस करतात. इंग्रजीत मलाही आवडली.

मराठीत ती साफ कोसळली, आणि का ते समजून घेतलं तर तुमचे बरेच तास वाचतील. इंग्रजीच्या डी कळेवर आपला हलंत येतो, आणि नेहमीच्या मांडणीत त्याच कळेवर कंट्रोल असतो. जोडाक्षर टंकताना हात उजवा-डावा-उजवा असे फार वेगाने चालतात: स, हलंत, त. हलंतावरचं बोट पूर्ण उचलायच्या आत उजवा हात त दाबून मोकळा होतो. फर्मवेअरला वाटतं की हलंत धरून ठेवला आहे, आणि ते कंट्रोल-एल पाठवतं. ब्राउझरमध्ये कंट्रोल-एल म्हणजे पत्त्याची पट्टी. ‘पुस्तक’ टंकताना ‘पुस’ पानावर राहिलं आणि बाकीचं वर पट्टीत गेलं. ‘प्र’ टंकला की कंट्रोल-जे, म्हणजे डाउनलोडची यादी उघडते.

इकार एफ कळेवर, तिथे शिफ्ट. ‘किती’चं ‘कथी’ होतं: इकार गिळला जातो आणि त चा थ होतो. असल्या चुका शुद्धलेखन तपासणीत नेहमी पकडल्या जात नाहीत, कारण बदललेला शब्दही कधीकधी खरा शब्द असतो.

धरून ठेवण्याची वेळमर्यादा वाढवून पाहिली. आधीच्या कळेनंतर काही मिलिसेकंद हात थांबलेला असेल तरच मॉडिफायर मानायचा, अशी एक सेटिंग आहे, तीही लावली. चुका खूप कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. भाषांतरात पानामागे एक लपलेली चूकसुद्धा मला परवडत नाही. शेवटी मराठीच्या लेअरवरून मधल्या ओळीचे सगळे मॉडिफायर काढून टाकले आणि फक्त इंग्रजीत ठेवले. या एका गोष्टीवर जवळजवळ सगळा आठवडा गेला.

११ फेब्रुवारी

मग शिफ्ट कुठे? इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त लागते. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ण, श, ष, ळ आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर. यातला ण सोडला तर सगळी व्यंजनं उजवीकडे, म्हणजे शिफ्टचा भार डाव्या करंगळीवर.

डाव्या अंगठ्याखाली स्टिकी शिफ्ट ठेवली: एकदा टिचकी मारली की पुढच्या एका अक्षराला लागू. धरून ठेवायला नको. पहिल्याच दिवशी ‘भात’चं ‘भआत’ आणि ‘घर’चं ‘घऱ’. स्टिकी शिफ्ट पुढची कळ सुटेपर्यंत चालू राहते, आणि वेगाने टंकताना पहिली कळ सुटायच्या आत दुसरी दाबलेली असते, त्यामुळे शिफ्ट दोघींना लागते. फर्मवेअरमध्ये यासाठी क्विक रिलीज नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की पुढची कळ दाबताच शिफ्ट सुटते. एका ओळीचा बदल, आणि तक्रार संपली.

या कीबोर्डवर केलेल्या सगळ्या बदलांमध्ये हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. डाव्या करंगळीचा ताण इतका वाढलेला होता हे तो गेल्यावर जाणवलं.

१ मार्च

भाषा बदलण्याचा घोळ. कीबोर्डमध्ये आता दोन लेअर आहेत, मराठी आणि इंग्रजी. संगणकातही दोन भाषा आहेत. कीबोर्डला संगणकाची भाषा दिसत नाही. दोघं वेगळ्या भाषेत गेले की मराठी लेअरवरून इंग्रजी अक्षरं उमटतात किंवा इंग्रजी लेअरचे मॉडिफायर मराठी मजकुरात घुसतात.

आधी एकच कळ केली: ती संगणकाला भाषा बदलण्याचा शॉर्टकट पाठवते आणि लगोलग लेअर उलटवते. खिडकी बदलली की तारांबळ, कारण विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवायची सेटिंग माझ्याकडे चालू होती. ती बंद केली तरी अधूनमधून जोडी सुटायची. ‘आहे त्याच्या उलट कर’ असं सांगणारी कोणतीही कळ इथे टिकत नाही.

चाललेला उपाय: दोन वेगळ्या कळा, एक ‘मराठी’, एक ‘इंग्रजी’. विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक भाषेला स्वतःचा थेट शॉर्टकट देता येतो. मी डावा ऑल्ट, शिफ्ट आणि आकडा असा दिला. त्याआधी ऑल्ट-शिफ्टने भाषा उलटवण्याची मूळ सोय बंद करावी लागते, नाहीतर दोन्ही एकदम चालतात. कंट्रोल-शिफ्ट आणि आकडा हा पर्याय मुद्दाम टाळला, कारण इनस्क्रिप्टमध्ये कंट्रोल-शिफ्टसह १ आणि २ या कळा जोडाक्षराचं रूप ठरवणाऱ्या अदृश्य चिन्हांसाठी लागतात. आता ‘मराठी’ कळ दाबली की संगणकाला मराठीचा शॉर्टकट जातो आणि कीबोर्ड मराठी लेअरवर जातो, आधी काहीही असलं तरी. शंका आली की पुन्हा दाबायची, बिघडत काहीच नाही.

१९ मार्च

कोन आणि उंची. दोन्ही तुकडे खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवल्यावर मनगटं सरळ झाली, हा फायदा पहिल्या दिवसापासून. पण तुकडे तंबूसारखे आतल्या बाजूने उचलण्याच्या उत्साहात मी फार उंच स्टँड घेतले. तळवे एकमेकांकडे वळले खरे, पण कळा इतक्या वर गेल्या की खांदे सतत उचललेले. शिवाय प्रत्येक ठोक्याला तुकडा थोडा सरकायचा. ते स्टँड आता कपाटात आहेत, तो खर्च वाया गेला.

सध्या आतल्या बाजूला दाराच्या रबरी अडणीचा कापलेला तुकडा आणि खाली न सरकणारी चटई. कोन कमी आहे, पण टिकतो. खुर्ची वर घेतली, पायाखाली पाट घेतला, कोपर कळांच्या पातळीला आला. तळव्याखालचा आधार फक्त थांबताना वापरायचा. टंकताना मनगट त्यावर टेकवलं की ते एका जागी रोवलं जातं आणि बोटं ताणून कळा गाठाव्या लागतात.

माउस दोन तुकड्यांच्या मधोमध आणला. उजवा हात बाहेर फेकावा लागत नाही. कीबोर्डच्या दोन तुकड्यांचा हा फायदा कोणी फारसा सांगत नाही.

१४ एप्रिल

सकाळी टंकायला बसले तर पडद्यावर फक्त मात्रा, ठिपक्यांच्या गोलावर टांगलेल्या, आणि अधूनमधून म किंवा न. उजव्या तुकड्याची बॅटरी संपली होती. विंडोज दाखवत होतं ती टक्केवारी डाव्या तुकड्याची होती, आणि ती भरपूर होती. डावा तुकडा संगणकाशी आणि उजव्याशी दोघांशी बोलतो म्हणून तोच आधी संपणार असं धरून मी फक्त त्याच्याकडे बघत होते. उजव्याचा स्विच मात्र रात्री बंद झाला नव्हता आणि पिशवीत त्याच्या कळा दाबल्या जात राहिल्या.

उजव्याची टक्केवारीही संगणकाकडे पाठवायची सेटिंग फर्मवेअरमध्ये आहे, ती लावली. विंडोज तरीही एकच आकडा दाखवतं. म्हणून नियम केला: चार्जिंग नेहमी दोन्ही तुकड्यांचं एकत्र, ठरलेल्या वारी. पिशवीत टाकण्याआधी दोन्ही स्विच बंद. चार्जिंगच्या वेळी समोर असायचं, रात्रभर लावून झोपायचं नाही. बॅटरी थोडी जरी फुगलेली दिसली तर ती काढून टाकायची, दाबून बसवायची नाही.

६ मे

एखादी मात्रा अचानक रांगेने उमटते: ााााा. आधी कळेवर संशय घेतला आणि ती बदलली. फरक नाही. मग लक्षात आलं की हे बॅकअप चालू असतानाच होतं. बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी ३ वर, आणि ब्लूटूथचा छोटा डोंगल अगदी शेजारच्या पोर्टमध्ये. यूएसबी ३ च्या वेगवान देवाणघेवाणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात. कळ सोडल्याचा निरोप उशिरा पोचतो, तोवर संगणकाला ती दाबलेलीच वाटते आणि अक्षर गिरवलं जातं.

डोंगल एका छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर पुढे आणला, डिस्क मागे सरकवली. पूर्ण थांबलं. अक्षरं गिरवली जात असतील तर सोल्डरिंगची बंदूक हातात घेण्याआधी हे करून बघा. मी कळेखालचा स्विच बदलण्यात आणि फर्मवेअर पुन्हा भरण्यात जे दिवस घालवले ते सगळे टाळता आले असते.

२ जून

गाढ झोपेची सोय चालू असली की १५ मिनिटं न वापरल्यावर कीबोर्ड झोपतो, ही मूळ मर्यादा. उठवणारा पहिला ठोका वाया जातो, आणि पुन्हा जोडलं जाईपर्यंत क्षण दोन क्षण. इंग्रजीत पहिलं अक्षर गेलं तर शब्द तुटलेला दिसतो. मराठीत व्यंजन जातं, आणि मागे जागा सोडलेली नसेल तर त्याची मात्रा मागच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराला चिकटते. अशी चूक पटकन दिसतही नाही. भाषांतरात विचार करत बसणं हाच निम्मा वेळ, त्यामुळे झोप वारंवार लागायची.

झोपेची मर्यादा तासावर नेली. बॅटरी थोडी लवकर उतरते, ते मान्य. आणि विचार करून परत टंकताना आधी शिफ्टवर एक टिचकी मारायची सवय लावली.

संगणक सुरू होतानाचा पासवर्ड, डिस्कच्या कुलूपाचा पडदा, या ठिकाणी ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा चालत नाही. त्यासाठी डाव्या तुकड्याजवळ केबल कायम ठेवली आहे.

२० ऑगस्ट

मनगट बरंच शांत आहे, पण आता डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही: स्पेस, शिफ्ट, लेअर सगळं त्याच अंगठ्यावर. बोटांवरचं ओझं काढून मी ते अंगठ्यावर रचलं होतं. त्यात लेअरची कळ सगळ्यात आतली, तळहाताखाली दुमडून गाठावी लागणारी, आणि ती धरून ठेवायची.

डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आले. अंगठा तळहाताकडे ओढून दाब देणं काही काळ पूर्ण बंद. आतली कळ दोन्ही बाजूंनी मोकळी सोडली, तिला काहीच काम नाही. लेअर धरून ठेवण्याऐवजी एका टिचकीने पुढच्या एका कळेपुरता लागणारा केला. शिफ्ट डावीकडे राहिली, स्पेस उजव्या अंगठ्याकडे गेली, बॅकस्पेस डाव्या वरच्या कोपऱ्यात. स्पेस हलवल्यावर पुन्हा वेग घसरला आणि चिडचिड झाली, पण याला पर्याय नव्हता. अंगठा मजबूत बोट आहे म्हणून त्याच्याकडे सगळं द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. माझा अनुभव असा की अंगठ्याला दोन कळा पुरेत, आणि त्याही तो सहज पसरल्यावर जिथे पडतो तिथेच.

९ नोव्हेंबर

मुदतीचं कामही आता याच कीबोर्डवर. जुना कीबोर्ड टेबलावरून काढला. वेग पूर्वीइतका आला आहे, जास्त नाही. जे लोक वेगासाठी असा कीबोर्ड घेणार असतील त्यांना मी घेऊ नका असंच सांगेन.

२३ फेब्रुवारी २०२५

स्विच. सुरुवातीला कळांखाली फार हलके स्विच घातले होते, दाब कमी म्हणजे ताण कमी असा हिशेब करून. प्रत्यक्षात कळांवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटायचं, म्हणून दिवसभर बोटं अधांतरी उचलून धरावी लागत होती. त्यानेही हात दमतो. आता ४५ ग्रॅमच्या आसपास दाब लागणारे स्विच आहेत आणि बोटं कळांवर निवांत टेकतात. हलके स्विच मधल्या ओळीला आणि करंगळ्यांना नको, एवढं मी ठामपणे म्हणेन.

इकाराची कळ हल्ली एका दाबात दोनदा उमटते. दुसरा इकार ठिपक्यांच्या गोलावर येतो म्हणून निदान दिसतो तरी. उसळी गाळण्याची वेळ (एका दाबातले जास्तीचे ठोके दुर्लक्षित करायचा अवधी) ५ मिलिसेकंदांवरून १० केली, काही दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. स्विच सोल्डर केलेले नाहीत, खोबणीत बसतात, त्यामुळे चिमट्याने काढून नवा बसवला. बसवताना पाय वाकडे होत नाहीत ना ते बघायचं. मी बसवलेल्या एकाचा पाय दुमडला आणि तो स्विच गेला.

१२ सप्टेंबर २०२५

सध्याचा नकाशा, ज्यांना तसाच उचलायचा आहे त्यांच्यासाठी. मराठी लेअर: ड उजव्या वरच्या कोपऱ्यात, त्याखाली ट, मात्रांचे तीन कॉम्बो वर सांगितल्याप्रमाणे, कॉम्बोची मुदत (दोन्ही कळा जेवढ्या वेळात दाबायच्या तो अवधी) ५० वरून ३० मिलिसेकंद. मधल्या ओळीवर मॉडिफायर नाहीत. डाव्या अंगठ्याला क्विक रिलीज लावलेली स्टिकी शिफ्ट, उजव्याला स्पेस. आकडे, विरामचिन्हं आणि विसर्ग तिसऱ्या लेअरवर. ‘ज्ञ’साठी त्याच लेअरवर एक कळ, ती शिफ्ट आणि ५ पाठवते. ‘क्ष’ आणि ‘त्र’ हलंत लावून सरळ टंकते, त्यांना वेगळी कळ लागत नाही.

इंग्रजी लेअरवर मधल्या ओळीचे मॉडिफायर ठेवले आहेत आणि कॉम्बो एकही नाही. ‘मराठी’ आणि ‘इंग्रजी’ या दोन कळा डाव्या बाहेरच्या स्तंभात, खाली. नकाशाच्या फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे, कारण डावा बोर्ड बदलावा लागला तर सगळं त्याच्याबरोबर जातं.

अजून न सुटलेलं एकच: नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका. तो मला क्वचित लागतो, पण हिंदी उताऱ्यांमध्ये लागतोच, आणि तिसऱ्या लेअरवर त्याच्यासाठी सोयीची जागा उरलेली नाही. ञ त्याच कळेवर शिफ्टने येतो, म्हणून दोन्ही एकत्र कुठे बसवता येतील ते बघते आहे. डाव्या खालच्या ओळीत अनुस्वार आणि त्याच्या डावीकडची कळ ही जोडी पुढच्या आठवड्यात करून बघणार.